डाव्या अंगठ्याची शाई

२६ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. हात सवयीने लिहून गेला, त्याचा फार अर्थ लावू नकोस.

विषय : गुरुवार, दिनांक १९ जून, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

भावाला पत्र लिहिताना कोणी वर विषय लिहीत नाही, हे मला कळतं. पण तू माझ्याशी कंपनीचा माणूस म्हणून वागलास, तेव्हा मीही विषयापासूनच सुरुवात करते.

त्या वेळी मी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर औषधांच्या रांगेत उभी होते. मला तूच पाठवलं होतंस. ताई, जरा पाय मोकळे करून ये, मी बसतो पैलवानाजवळ, असं म्हणालास. मला बरं वाटलं. सहा दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला उठ म्हणालं होतं. मी वर आले तेव्हा तू निघून गेला होतास. स्टुलावर तुझा अर्धा प्यायलेला चहा होता, आणि माझ्या मुलाच्या डाव्या अंगठ्याला निळी शाई लागली होती.

मी आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होते. पेशंटच्या अंगावर जे नसायला हवं ते मला सगळ्यात आधी दिसतं. हे काय, म्हणून विचारलं. तो म्हणाला, मामा कंपनीच्या साहेबांना घेऊन आला होता, एक कागद होता, उजवा हात नाही म्हणून अंगठा घेतला. ज्याच्या सहीचं वळण तू चारचौघांत दाखवायचास, त्याचा अंगठा. पॅडवर तो कोणी टेकवला, असं विचारल्यावर म्हणाला, मामाने, मला डाव्या हाताची सवय नाही ना.

काल मी कंपनीच्या ऑफिसात जाऊन त्या कागदाची नक्कल आणली. तिथल्या कारकुनाने खूप आढेवेढे घेतले. मग मी त्याच्या टेबलासमोरची खुर्ची ओढून बसले आणि पिशवीतून विणकाम काढलं. तासाभरात नक्कल मिळाली. त्यात लिहिलं आहे की १३ जूनला सकाळी तेलविहिरीच्या साइटवर, लाइनमध्ये प्रेशर असताना, कोणाचीही सूचना नसताना, धोक्याची लाल पट्टी ओलांडून, माझ्या मुलाने स्वतःच्या मनाने पाइपाच्या जोडावर हातोडा मारला. जोड सुटला, पाइप उसळला, आणि जे झालं त्याला तोच जबाबदार आहे. खाली त्याचा अंगठा. शेजारी साक्षीदार आणि साइटचा सुपरवायझर म्हणून तुझी सही, नेहमीसारखी सुबक.

आता या ‘स्वतःच्या मनाने’ बद्दल बोलू. माझ्या घरी जेवायला बसलास की तुझी एक गोष्ट ठरलेली असायची. जोड गळायला लागला की बाकीचे सुपरवायझर पंप थांबवतात, व्हॉल्व्ह उघडून प्रेशर सोडतात, काटा शून्यावर येईपर्यंत हाताची घडी घालून उभे राहतात, मग जोड हातोड्याने ठोकून घट्ट करतात आणि पुन्हा पहिल्यापासून प्रेशर चढवतात. तासभर पाण्यात. आणि आपण काय करतो? असं म्हणून तू चमचा उचलायचास, पाण्याच्या पेल्यावर टण्णकन मारायचास आणि म्हणायचास, एकच टोला. पैलवान खुर्चीवरून पाय लोंबकळायच्या वयाचा होता, तेव्हापासून तो तुझ्या जोडीने पेल्यावर चमचा मारायचा. माझ्या पेल्यांना अजून पोचे आहेत.

म्हणून माझा प्रश्न सरळ आहे. १३ तारखेला तो टोला मारायला त्याला कोणी सांगितलं? डोक्याला मार बसल्यामुळे त्याला आठवत नाही. तुझ्या डोक्याला मार बसलेला नाही.

आम्ही थिएटरमध्ये पोट शिवण्याआधी कापसाचे बोळे मोठ्याने मोजायचो. एकदा एक बडे सर्जन खेकसले की सिस्टर, आज इथेच मुक्काम करायचा आहे का. मी म्हटलं, एक बोळा कमी भरतो आहे, तुम्ही निघा, पेशंट आणि मी थांबतो. ते थांबले. बोळा सापडला, कुठे ते तुला जेवायच्या वेळी वाचवणार नाही. सांगायचं एवढंच, की घाई काही एकट्या तुझ्या कामात नसते.

शेवटी लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. तो असावा की नसावा हे तुझ्या उत्तरावर सोडते.

ताई

———

२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वर विषय बघून हिला वाटलं वीज तोडायची नोटीस आली. तुझ्या शाळेतल्या ननांनी तुला वळणदार अक्षर दिलं आणि त्याच्याबरोबर एक छडीही दिली असावी. तिचा वळ अजून अंगावर आहे.

इकडे ठीक. माझा एक कान त्या दिवसापासून वाजतो आहे, डॉक्टर म्हणतात वाजू दे. हिचे गुडघे तसेच. स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे. ही रोज म्हणते, एवढा मोठा गळती थांबवणारा घरात असून आम्ही खाली भांडं लावतो. मी बघतो बघतो म्हणतो आणि पाना हातात घ्यावासा वाटत नाही.

तू विचारलंस म्हणून लिहितो, दुसऱ्या कोणाला लिहिलं नसतं. पाण्याची टेस्ट होती. तेल नाही, ॲसिड नाही, नुसतं पाणी. लाइनमध्ये प्रेशर चढवून कुठे गळतं का बघायचं, आणि मग खरं काम सुरू करायचं. विहिरीच्या मालकांचा माणूस घड्याळ बघत उभा होता, आधीच दोनदा उशीर झाला होता. एका जोडातून थेंब यायला लागला. धार नाही, ताई, थेंब. मी लाल पट्टीच्या बाहेर होतो. पैलवान हातोडा घेऊन पट्टीच्या कडेला होता. पंपांच्या आवाजात बोललेलं कोणाला ऐकू येत नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी एक बोट वर केलं. त्याला कळलं. तो हसला, पट्टीखालून वाकून आत गेला, आणि पुढचं तुला माहीत आहे.

मीच सांगितलं. झालं तुझं समाधान? हे मी इतक्या वर्षांत किती वेळा केलं असेल त्याला गणती नाही. कधी काही झालं नाही. त्याच्याच वेळी व्हावं?

आता शांतपणे वाच. मी येत्या मार्चमध्ये रिटायर होणार. सुपरवायझरने सांगितलं असं कागदावर आलं तर मला त्याच दिवशी काढतील, वर केस होईल, आणि हे कंपनीचं क्वार्टर सोडावं लागेल. हे तुला माझं रडगाणं वाटेल, म्हणून पैलवानाचं सांगतो. साहेबांनी शब्द दिला आहे की कोणी हरकत घेतली नाही तर त्याला स्टोअरमध्ये घेतील. बसून काम, सावलीत, ठरलेल्या वेळेत. २९ जुलैला चौकशीची शेवटची बैठक आहे, त्यात प्रकरण मिटेल आणि १ ऑगस्टला तो कामावर. कागद बदलला तर तोही लटकला आणि मीही लटकलो. यातून कोणाचं भलं होणार?

त्याला ती सकाळ आठवत नाही, ताई. जे आठवत नाही ते दुखत नाही. आपण होऊन आठवण करून द्यायची कशाला? मी त्याला जन्मभर बघेन. हात परत येणार असता तर मी माझा काढून दिला असता, हे मी लिहायचं म्हणून लिहीत नाही.

रागाव, पण पत्र बंद करू नकोस. तुझ्याशिवाय मला धाकटा म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही.

तुझा,
धाकटा

———

७ जुलै

ती. मामास,
सा. न. वि. वि.

हे पत्र डाव्या हाताने लिहितो आहे. कोंबडी शाईत नाचल्यासारखं दिसतं. हसलास तरी चालेल, फक्त वाच. हे माझं पहिलं अख्खं पत्र आहे, आणि ते तुलाच लिहायचं असं मी हॉस्पिटलमध्येच ठरवलं होतं.

मामा, मला माफ कर. मी फार आठवून बघतो. सकाळी चहा प्यायलो ते आठवतं. तू नेहमीसारखी तुझी साखरेची पुडी माझ्या कपात रिकामी केलीस ते आठवतं. पुढे एकदम वॉर्डचा पंखा. मधलं काही येत नाही. लाइनमध्ये प्रेशर असताना कोणाला न विचारता मी पट्टीच्या आत गेलोच कसा? नियम मला झोपेतही पाठ आहे. साहेबांनी कागद वाचून दाखवला तेव्हा तू खाली मान घालून बसला होतास. तुझ्या क्रूमध्ये इतक्या वर्षांत कोणाला ओरखडा आला नव्हता. माझ्या एका मूर्खपणामुळे तुझ्या नावाला बट्टा लागला, तोही रिटायर व्हायच्या तोंडावर. हात गेल्याचं मी कधीतरी विसरेन, पण तू तसा बसला होतास ते विसरणार नाही.

आपला वेल्डर भेटायला आला होता. म्हणाला, रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी माझं उदाहरण देतात, असं करू नका म्हणून. हे सांगताना तो सारखा खिडकीबाहेर बघत होता, त्याला माझ्या हाताकडे बघवत नसेल. मी म्हटलं, देऊ देत. कोणाला तरी उपयोग होईल.

आई तुझं नाव काढलं की ओठ घट्ट मिटते. तू मनाला लावून घेऊ नकोस. ती सध्या सगळ्यांवरच घसरते. काल व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना तिने व्यायाम शिकवला.

स्टोअरच्या नोकरीचं कळलं. तू शब्द टाकला असशील. माझ्यासाठी अजून किती करणार? तुझा कान कसा आहे? आणि तू येत का नाहीस? अंगठा घेतलास त्या दिवसानंतर आलाच नाहीस. माझ्यावर रागावला असशील तर येऊन राग काढ, पण ये.

मामीला नमस्कार. तुझी माया होती तशी राहू दे, मी ती पुन्हा कमवेन.

तुझा,
पैलवान (एकहाती)

———

१४ जुलै

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

ह्यांना न सांगता लिहिते आहे. पत्र येताच फाडून टाका असं लिहिणार होते, पण तुम्ही फाडणार नाही हे मला माहीत आहे.

पैलवानाचं पत्र आलं. ह्यांनी दारातच उभं राहून वाचलं, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. शर्ट धुवायला टाकताना काढतात आणि दुसऱ्या शर्टात ठेवतात. मला वाचायला दिलं नाही. मी त्यांच्या अंघोळीच्या वेळी वाचलं. ताटाजवळ चमचा ठेवला तर उचलून आत नेऊन ठेवतात. का ते मी विचारत नाही.

परवा साइटवर पुन्हा एक जोड गळायला लागला. हे मला वेल्डरच्या बायकोने सांगितलं, बाजारात, सगळ्यांसमोर. ह्यांनी पुन्हा एक बोट वर केलं. सवयीने हो, वन्सं, निव्वळ सवयीने, ते हात त्यांना न विचारता वर जातात. हातोडा या वेळी वेल्डरकडे होता. त्याने ह्यांच्याकडे पाहिलं, हातोडा जमिनीवर ठेवला आणि पट्टीपासून लांब जाऊन उभा राहिला. मग बाकीचेही एकेक करून त्याच्याजवळ गेले. शेवटी ह्यांनीच पंप थांबवायला लावला, स्वतः जाऊन व्हॉल्व्ह उघडला, आणि काटा शून्यावर येईपर्यंत सगळे ह्यांच्याकडे बघत उभे होते. साहेबांनी वेल्डरला आठवडाभर घरी बसवलं आहे. ह्यांना काही बोलले नाहीत.

घरी आले आणि स्वयंपाकघरात त्या गळक्या नळासमोर स्टूल घेऊन बसले. भांडं भरलं की उठून ओततात आणि परत लावतात. मी काही विचारलं की म्हणतात, बघतो.

तुमचं खरं आहे, वन्सं. ते खोटं आहे असं मी म्हणतच नाही. पण मार्चपर्यंत थांबा. ते एकदा रिटायर झाले की मी स्वतः पुढ्यात बसून त्यांच्याकडून लिहून घेते. आमच्या डोक्यावरचं छप्पर कंपनीचं आहे आणि माझ्या गुडघ्यांत आता दुसरं घर शोधत हिंडायची ताकद नाही. तुम्ही नेहमी माझी बाजू घेतलीत, लग्नानंतर पहिल्या वर्षी तर ह्यांच्याविरुद्धसुद्धा. तेवढ्या हक्काने मागते.

तुमची,
भावजय

———

१९ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, मागच्या वेळच्याच अटीवर.

विषय : एक बोट.

तुझ्या बायकोचं पत्र आलं. ते का आलं म्हणून तिच्यावर डोळे वटारू नकोस, त्या घरात सध्या ती एकटीच लिहिते आहे. तिला मी वेगळं उत्तर दिलं आहे. छप्पर गेलं तर माझ्याकडे दोन खोल्या आहेत. एकीत पैलवान आणि मी, दुसरीत तुम्ही दोघं. कपाट अर्धं रिकामं करून ठेवलं आहे. इथलाही एक नळ गळतो, तो मात्र तुला दुरुस्त करावा लागेल. फुकट राहू देणार नाही.

तेव्हा छपराचा मुद्दा संपला. राहिला मार्च. मार्चपर्यंत थांबायचं म्हणजे मार्चपर्यंत तू रोज साइटवर जाणार, आणि तुझा हात तुला न विचारता वर जाणार. वेल्डरने त्या दिवशी हातोडा खाली ठेवला. पुढच्या वेळी हातोडा ज्याच्याकडे असेल त्याला घरी आठवडाभर बसणं परवडेलच असं नाही. तो पट्टीखालून वाकून आत जाईल. त्याचीही कोणीतरी आई असेल, आणि ती कदाचित माझ्याइतकी भांडकुदळ नसेल. तुझ्या धंद्याला अशा आया सोयीच्या असतात.

जे आठवत नाही ते दुखत नाही, असं तू लिहिलंस. मी तुझ्याहून जास्त दुखणी पाहिली आहेत, म्हणून काय दुखतं ते कळवते. जेवण झालं की तो भिंतीकडे तोंड करून पडतो आणि ती सकाळ शोधतो. चहा, साखर, पंखा. पुन्हा चहा, साखर, पंखा. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना तो म्हणाला की ज्याने स्वतःचा हात स्वतःच्या हाताने घालवला त्याच्यावर कशाला वेळ घालवता. त्या बिचाऱ्या गांगरल्या आणि मी त्यांच्यावरच ओरडले, कारण ज्याच्यावर ओरडायचं तो फिरकत नाही. हात तुझ्या बोटाने गेला, ते एका क्षणात झालं, आणि रडून झालं की मी कदाचित तुला पोटाशीही धरलं असतं. ही लाज मात्र तू नंतर, सहा दिवस विचार करून, त्याचा अंगठा धरून त्याला दिलीस.

त्याने तुला पत्र लिहिलं तेव्हा मी समोर बसून ओळी सरळ ठेव म्हणत होते. काय लिहितो ते बघितलं नाही, दुसऱ्याचं पत्र वाचू नये असं मला शिकवलं आहे. पाकीट बंद झाल्यावर त्याने आपण होऊन सांगितलं की मामाची माफी मागितली. मी पाकीट घेतलं, चपला घातल्या आणि पोस्टात टाकून आले. वाटेत तीनदा ते फाडावंसं वाटलं. फाडलं नाही, कारण ते तुझ्या हातात पडायला हवं होतं.

ताई, तूच का सांगत नाहीस त्याला, असं तुझ्या मनात आलं असेल. सांगितलं तर म्हणेल, आई मामाच्या मागे हात धुऊन लागली आहे. तुझं २ जुलैचं पत्र पुढे केलं तर त्याला पटेल, पण मग त्याच्या वाट्याला काय येईल? मामा बोलला नाही, मामा सापडला, एवढंच. त्याचा हात गेला. मामा तरी त्याच्याकडे राहावा, म्हणून मी आजपर्यंत तोंड मिटून बसले आहे. मिटून बसणं मला किती जड जातं ते तुला माहीत आहे.

आणि त्या स्टोअरच्या नोकरीबद्दल. तिथे खिडकीत बसून तो काय देणार, याचा विचार केलास? हातमोजे, हेल्मेटं आणि हातोडे. सकाळी तुझा माणूस येईल, हातोडा मागेल, आणि माझा मुलगा तो डाव्या हाताने त्याच्या हातात ठेवेल. ही नोकरी घ्यायची की फेकायची ते सगळं खरं कळल्यावर त्याचं त्याला ठरवू दे. त्याच्या वतीने तू एकदा ठरवलंस, तेवढं पुरे.

आता मागणं. त्याची माफी त्याला परत कर. ती चुकीच्या माणसाकडे गेली आहे. तुझ्या खिशातला तो कागद घे आणि त्याला उत्तर लिही, त्याच्या नावाने, तुझ्या अक्षरात. त्याला हवी असलेली सकाळ तुझ्याकडे आहे. ती साखरेपासून पुढे सगळी लिही : घड्याळ बघणारा माणूस, थेंब, त्याने तुझ्याकडे पाहिलं ते, बोट, आणि तो हसला ते. हसल्याचं गाळू नकोस. तो तुझ्यावर विसंबून आत गेला, मूर्खपणाने नाही, हे त्याला त्यावरूनच कळेल. त्याची दुसरी प्रत चौकशीच्या साहेबांना, पूर्ण सहीनिशी.

बैठक मंगळवारी, २९ जुलैला. माझी मुदत सोमवार, २८ जुलै, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. टपाल उशिरा आलं ही सबब चालणार नाही, स्वतः घेऊन ये. त्या दिवशी मी कोणाच्या सांगण्यावरून औषधांच्या रांगेत जाणार नाही. दारात खुर्ची टाकून बसणार आहे, विणकाम घेऊन. त्या वेळेपर्यंत तू आला नाहीस तर मंगळवारी तीच खुर्ची चौकशीच्या खोलीत असेल, आणि विणकामाखाली तुझं २ जुलैचं पत्र. मग पैलवानालाही ते तिथेच, परक्या माणसांसमोर कळेल. ते तसं कळावं का, हे तू ठरव.

लोभाचं त्यानंतर बघू. मला उत्तर लेखी हवं आहे. अंगठा चालणार नाही.

ताई